नाथसागराच्या गाळात पिवळ्या फुलांचं रोप: हे मुलेन आहे का? लावता येईल का?

गाळपेर
राम राम मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय.

जायकवाडी धरणाच्या जलाशयाचं, म्हणजे नाथसागराचं पाणी उतरलं की आमच्याकडं काठावरची गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळातली पेरणी, सुरू होते. यंदा पाणी उशिरा हटलं, त्यामुळं एक पट्टी पेरायची राहूनच गेली. आता तिथं कमरेएवढी वाढलेली पिवळ्या फुलांची रोपं उभी आहेत. बुडाची पानं मुळ्यासारखी फाटलेली, वरची लहान, करवती काठाची. शेंड्याला लांब दांडी, तिच्यावर सुटी सुटी पिवळी फुलं. हात लावला की बोटं चिकट होतात.

मोबाइलवरच्या ॲपला फोटो दाखवला तर 'व्हर्बॅस्कम थॅप्सस', म्हणजे ग्रेट मुलेन, असं उत्तर आलं. नेटवर वाचलं तर युरोपात ही मोठी औषधी. फुलांचं तेल कानात घालतात, पानांचा चहा खोकल्यावर पितात. घरात आईचा कान कायम ठणकतो, म्हणून जरा जास्तच खोलात शिरलो.

दोन प्रश्न आहेत. हे खरंच तेच आहे का? आणि डाळिंबाच्या बांधाला हे मुद्दाम लावलं तर माश्या येतील का? आंबे बहार (डाळिंबाचा जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा) धरलाय, कळी निघायली, आणि बागेत मधमाशी दिसंना.

फोटो जोडलेत. एक पूर्ण झाडाचा, एक पानाचा. फुलाचा हलला.

मोंढा_रोड
ॲपचं काय सांगता. माझ्या गच्चीतल्या कोथिंबिरीला त्यानं ठणकावून गाजर म्हटलं होतं.

दहा_पट_भिंग
@मोंढा_रोड, कोथिंबीर आणि गाजर एकाच कुळातली. कोवळ्या पानावरून ॲप गाजर म्हणालं असेल तर पोरगं अगदीच नापास नाही.

@गाळपेर, फोटो मोठा करून पाहिला. ॲपनं वंश बरोबर पकडलाय, जाती बहुधा चुकली आहे. पण हललेल्या फोटोवरून मी शिक्का मारणार नाही. उद्या सकाळी लवकर जा. दुपारी गेलात तर बरीचशी फुलं खाली पडलेली दिसतील. तिथं उभं राहूनच एवढं बघा:

फुलात पुंकेसर किती, हे पहिलं. पाच की चार? मोजताना चार-पाच फुलं तरी बघा, कारण एखाद्या फुलातला केसर किड्यानं खाल्लेला असतो.

मग लव. पान अंगठ्याखाली चोळा. थॅप्ससचं पान ब्लँकेटच्या कापडासारखं लागतं. त्याची लव फांद्या फुटलेल्या केसांची असते आणि इतकी दाट की पान पांढुरकं दिसतं. तुम्ही 'चिकट' म्हणताय. चिकटपणा ग्रंथी असलेल्या केसांमुळे येतो, ते वेगळं प्रकरण.

तिसरं, फुलाला देठ आहे का. थॅप्ससची फुलं दांडीला घट्ट बसलेली, एकमेकांना खेटून असतात. तुमच्या फोटोत ती सुटी वाटतात.

आणि रोप उपटू नका. जागेवरच बघा.

बालाघाटचा_बरड
हे आमच्याकडं हरभऱ्यात येतंय की. नदीकडंच्या वावरात जास्ती. वर बरडावर नाही दिसत. शेळ्या तोंड लावत नाहीत, म्हणून ते उभंच्या उभं राहतंय. खुरपायला बाया लावल्या की ह्याला शिव्या देतात, हात चिकट होतात म्हणून. आन तुम्ही मुद्दाम लावाय निघालात? कमाल हाय राव.

कुंडीतली_बाग
अरे वा, मुलेनवर धागा! मी मागच्या वर्षी 'ग्रेट मुलेन' म्हणून ऑनलाइन बी मागवलं होतं, सिडकोतल्या बाल्कनीत. पाकिटावर पिवळ्या तुऱ्याचा झकास फोटो. पानांचा मऊ, पांढुरका गड्डा छान तयार झाला, फूल मात्र आलं नाही. पावसाळ्यात मधोमध कुजायला लागला आणि आठवडाभरात संपला. कुंडीचा दोष का माझा?

गाळपेर
@दहा_पट_भिंग सर, सकाळी उजाडता उजाडता जाऊन आलो.

केसर चार. बरीच फुलं पाहिली, सगळीकडं चारच. दोन थोडे लांब, दोन आखूड. केसरांच्या दांड्यांवर जांभळे केस आहेत, साध्या डोळ्यांना झुबक्यासारखे दिसतात. वर पिवळट-केशरी टोक, वाटाण्याला मधून दाबल्यासारखं वळलेलं. फुलाला नळी म्हणावी अशी नाहीच, पाच पाकळ्या बुडाशी जुळून चपटं पसरट फूल. खालची पाकळी बाकीच्यांपेक्षा जरा मोठी वाटली.

फुलाला देठ आहे, बोटाच्या पेराएवढा नाही पण आहे. पान चोळून पाहिलं, ब्लँकेट नाही. हिरवंगार आणि चिकट.

एक गंमत झाली. फोटोसाठी दांडी जरा वाकवली तर फूल टपकन हातात पडलं. अख्खं. चारही केसर त्याला चिकटलेले, आणि झाडावर हिरव्या पाकळ्यांच्या वाटीत नुसती एक सुई उभी. मग मुद्दाम दांडीला टिचकी मारून पाहिलं, तर आणखी फुलं गळाली.

दहा_पट_भिंग
उत्तम. इतकं व्यवस्थित निरीक्षण मला बी.एस्सी.च्या मुलांकडून क्वचित मिळालं.

ही व्हर्बॅस्कम चायनेन्सी. चार केसर पाहून आता शंका उरली नाही. थॅप्ससला पाच असतात, आणि त्यातही वरचे तीन लवदार, खालचे दोन लांब आणि जवळपास गुळगुळीत.

तुम्ही जांभळ्या केसांचं लिहिलंत म्हणून सांगतो. युरोपात ब्लॅटेरिया नावाची एक बहीण आहे, तिलाही जांभळे केस, तिचीही फुलं सुटी देठांवर, तीही वरच्या भागात चिकट. फोटोवरून ॲप उद्या तुम्हाला तेही नाव देईल. तिथंही केसर मोजणंच कामी येतं, ब्लॅटेरियाला पाच. जांभळ्या केसांवर जाऊ नका.

ह्या चार केसरांवरून जुन्या काळी मोठा घोळ होता. पाच केसरवाल्या जाती व्हर्बॅस्कममध्ये आणि चारवाल्या 'सेल्सिया' नावाच्या वेगळ्या वंशात, अशी लिनियसच्या काळापासूनची वाटणी. सेल्सिया हे नाव ओलोफ सेल्सियस यांच्यावरून दिलेलं. उप्सालात गरीब लिनियसला ज्यांनी आधार दिला ते हे. तापमानाच्या अंशाला ज्याचं नाव आहे तो अँडर्स त्यांचा पुतण्या. नंतर लक्षात आलं की दोन्ही गटांचे आपापसांत संकर होतात, आणि केसरांच्या एका आकड्यावर वंश वेगळा ठेवण्यात अर्थ नाही. आपल्या रोपाचं आजचं नाव, 'व्हर्बॅस्कम चायनेन्सी (एल.) सांतापाव', यातले सांतापाव म्हणजे मुंबईच्या झेवियर महाविद्यालयातले फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव; पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे ते प्रमुख झाले. जुन्या पुस्तकात शोधायचं असेल तर 'सेल्सिया कोरोमंडेलियाना' खाली बघा.

नावात चीन आहे म्हणून बाहेरून आलेलं तण समजू नका. अफगाणिस्तानापासून भारत, श्रीलंका ते दक्षिण चीनपर्यंत ते मूळचंच आहे. नदीकाठ, तळ्याचा उघडा पडलेला गाळ, विहिरीचे जुने कठडे, पडक्या भिंती, ओल टिकणारं पडीक रान ही त्याची ठिकाणं. थॅप्ससला हिमालयात, काश्मीर-हिमाचलच्या थंड उंचीवर बघायला जावं लागतं. मराठवाड्यात ते आपणहून उगवणार नाही.

मोंढा_रोड
म्हणजे जिल्हा बरोबर, गाव चुकलं.

दवाखाना_सुट्टीवर
मी झाडांच्या धाग्यावर वाचक म्हणून येतो, पण आईच्या कानाचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे, नांदेडला.

कान 'कायम ठणकतो' असं लिहिलंय. पडद्याला भोक आहे की नाही हे दुर्बिणीनं बघितल्याशिवाय कानात काहीही घालायचं नाही. मुलेनचं नाही, लसणाचं नाही, कोमट खोबरेल सुद्धा नाही. पडदा फाटलेला असेल तर तेल मधल्या कानात जातं आणि साधा त्रास महिनोन् महिने वाहणाऱ्या कानावर जातो. ओल्या तेलात बुरशी वाढलेले कान उन्हाळ्याच्या शेवटी रांगेनं येतात माझ्याकडे.

आणि ते युरोपातलं तेलही थॅप्ससच्या फुलांचं असतं, तुमच्या रोपाचं नाही. आईंना दाखवून आणा, खरंच.

गाळपेर
डॉक्टरसाहेब, सोमवारी घेऊन जातो. तेलाचा विषय संपला.

दहा_पट_भिंग
डॉक्टरांच्या म्हणण्याला पुरवणी. ह्या रोपाला मराठीत काही ठिकाणी 'कुटकी' लिहिलेलं सापडतं. काष्ठौषधीच्या दुकानात कुटकी मागितली तर जे कडूजहर मूळ देतात ते हिमालयातल्या पिक्रोऱ्हायझाचं. त्या दोघांचा काही संबंध नाही. आपल्या रोपाच्या पानांचा रस जुन्या औषधी ग्रंथांत हगवणीवर सांगितलेला आहे, पण कोणी धागा वाचून काढा करायला बसू नये. ह्या वंशात सॅपोनिनं, म्हणजे साबणासारखा फेस काढणारी द्रव्यं असतात. थॅप्ससचं बी कुटून पाण्यात टाकून मासे गुंगवून पकडायची रीत युरोपात होतीच.

पूर्णा_काठ
@कुंडीतली_बाग ताई, दोष कुंडीचाही नाही आणि तुमचाही नाही.

थॅप्सस दोन वर्षांचं रोप. पहिल्या वर्षी फक्त पानांचा गड्डा. मग कडक हिवाळा अंगावरून गेला पाहिजे, तेव्हा कुठे दुसऱ्या वर्षी तुरा वर येतो. हा थंडीचा काळ म्हणजे एक-दोन गार रात्री नव्हे, सलग काही आठवडे. आमच्या परभणीत काही वर्षी पारा एक आकडी होतो, शेकोट्या पेटतात, पेपरात फोटो येतात. पण दिवसा पुन्हा ऊन चढतंच. रोपाला तो हिवाळा वाटत नाही. त्यात तुमच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत लोकरी पानांत पाणी साचून राहतं. कोंब तिथूनच कुजतो.

शिवाय ते बी आलं कुठून? परदेशी बी असेल तर सोबत फायटोसॅनिटरी, म्हणजे रोग-कीड नसल्याचं प्रमाणपत्र लागतं. २००३ चा वनस्पती संगरोध आदेश त्यासाठीच आहे. थॅप्सस अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात माजलेलं आहे. एका रोपाला लाखावर बी धरतं. आपल्याकडे पावसाळ्यात ते कुजतं हे खरं, पण म्हणून पाकिटं मागवत राहावं असं नाही.

पिवळ्या मुलेनची हौस असेल तर हेच गाळातलं लावा. एका हिवाळ्यात सगळं उरकतं.

कुंडीतली_बाग
पूर्णाताई, लावायचं कसं ते सविस्तर सांगा ना. आणि लहानपणी ओळखायचं कसं? आमच्या सोसायटीच्या मागे नाल्याकडेला कसलेकसले पानांचे गड्डे आहेत, मला सगळे सारखेच दिसतात.

पूर्णा_काठ
ओळख आधी, कारण खरी फसगत तिथंच होते. फूल आल्यावर कोणीही ओळखेल.

नाल्याकडेला डिसेंबरात जमिनीलगत पसरलेले फाटक्या पानांचे गड्डे चार-पाच तरी प्रकारचे असतात. पान तोडून दूध निघालं तर ती पाथरी किंवा तिच्या गोतावळ्यातलं काही. व्हर्बॅस्कमला दूध नसतं. चुरगाळल्यावर उग्र, कापरासारखा वास आला तर भांबुर्डा. पान अगदी बारीक, गाजरासारखं चिरलेलं असेल तर ते मेलं गाजर गवत, उपटून टाका, आणि हातात मोजे घालून उपटा. मुळ्या-मोहरीच्या रोपाची पानं चावली तर तिखट लागतात (अनोळखी रोप चावायला सांगत नाहीये, शेतातल्या मोहरीचं सांगते). रानतंबाखूचं पान मात्र अखंड असतं, कडा फाटलेल्या नाहीत, आणि त्याला पुढं पांढरट लांब नळीची फुलं येतात.

आपल्याचं पान असं: टोकाचा तुकडा सगळ्यात मोठा, त्याखाली देठाकडे लहान लहान तुकडे होत गेलेले, कडा बोथट दातेरी, दोन्ही अंगांना लव. गड्ड्याच्या मध्यातली कोवळी पानं उन्हात तिरकी धरली की लवेच्या टोकांवर बारीक थेंब चमकतात.

पावसाळ्यात आणखी एक पिवळं चिकट रोप दिसतं, ती पिवळी तिळवण. तिला पाकळ्या चार, पान हाताच्या पंज्यासारखं तीन-पाच पानांत वाटलेलं, आणि लांब उभ्या शेंगा. बऱ्याच जणांची दोघींत गल्लत होते, पण तिळवण दिवाळीपर्यंत आटोपते आणि आपलं रोप तेव्हा नुकतं उगवत असतं.

आता लावण्याचं.

बी फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत मिळतं. दांडीवर खालची बोंडं आधी पिकतात, वर फुलं चालूच असतात. बोंड गोल, तुरीच्या दाण्याच्या आसपास, वाळलं की तपकिरी होऊन वरून दोन भागांत उकलतं. उकलायला लागलेली बोंडं कागदी पिशवीत तोडून घ्या. प्लॅस्टिक नको, चिकट असल्यानं आत घाम सुटून बुरशी धरते. दोन-चार दिवस सावलीत, मग पिशवीतच चोळा आणि चहाच्या गाळणीतून गाळा. जे खाली पडेल ते बी. दिसायला तपकिरी भुकटी. भिंगाखाली त्यावर आडव्या सुरकुत्या दिसतात, बघाच.

पेरणी पाऊस पूर्ण उघडल्यावर, दसरा ते दिवाळीच्या दरम्यान. त्याआधी पेरलं तर एका जोरदार सरीत सगळं वाहून एका कोपऱ्यात जातं. पसरट ट्रे घ्या, तळाला भोकं. दोन भाग नदीचा बारीक वाळूमिश्रित गाळ, एक भाग चाळलेलं शेणखत. नुसती काळी माती घालू नका. वरून पाणी पडलं की तिचा पापुद्रा धरतो आणि हे बी त्याखाली गुदमरतं. माती आधी भिजवून घ्या. बी मूठभर कोरड्या वाळूत मिसळून वरून भुरभुरा. आणि झाकू नका. ह्या वंशातलं बारीक बी उजेडाला उगवतं. सवयीनं आपण वर मातीचा थर देतो, तिथंच सगळं बिघडतं.

पाणी वरून झारीनं नको. ट्रे परातीत ठेवून खालून चढू द्या. पंधरवड्यात हिरवा भुगा दिसतो. चार पानं झाली की मातीच्या ढेकळासकट उचला आणि खोल कुंडीत किंवा थेट जमिनीत हलवा. उशीर केलात तर सोटमूळ खाली जातं, मग हलवलेलं रोप मान टाकतं. दोन रोपांत हातभर अंतर. ऊन पूर्ण पाहिजे. युरिया अजिबात नको, नाहीतर नुसती पानं फोफावतात आणि दांडी वाऱ्यात लोळते. जानेवारीत दांडी निघते. पाणी तेव्हा बेताचं. गड्ड्यात पाणी साचू देऊ नका.

एप्रिल-मेमध्ये रोप वाळणार. ते मेलं म्हणून खत-पाणी करत बसू नका, त्याचं आयुष्यच तेवढं.

बालाघाटचा_बरड
ताई, सगळं खरं. पण एक सांगा. तुम्ही हे बांधाला लावलं, बोंडं फुटली, वारं सुटलं, की माझ्या हरभऱ्यात. मग पुढच्या साली खुरपणीचा खर्च कोण देणार? औषधाच्या झाडाचं कौतुक करणारे लोक खुरपायला येत नसतात.

पूर्णा_काठ
दादा, तुमचा मुद्दा रास्त आहे. बीला पंख किंवा म्हातारी नसते, त्यामुळे वाऱ्यानं ते फार लांब जात नाही. झाडाच्या आसपासच सांडतं. पाण्यानं, औताच्या फाळाला लागलेल्या चिखलानं मात्र जातं. पाटाच्या कडेला लावूच नये.

हरभऱ्यात येतच असेल तर कोळपणी उथळ करा. खोल गेलात की खाली गाडलेलं बी वर उजेडात येतं आणि नवी पिढी उगवते. बोंडं हिरवी असतानाच उपटायचं, एवढं सांभाळलं तर हे काही हरळी-कुंद्यासारखं नाही. त्याला जमिनीत गाठी नाहीत, एकदा उपटलं की संपलं. पण जमिनीत आधीच पडून असलेलं बी कितीतरी वर्षं थोडं थोडं निघत राहणार, हे मान्य.

मोंढा_रोड
ह्या 'पडून असलेल्या बी'वरून. २०१६ ला मांजरा धरण कोरडं पडलं, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या साली आम्ही धरणाच्या पोटात जाऊन आलो होतो. एरवी जिथं पुरुषभर पाणी, तिथं तडे गेलेला गाळ, आणि कडेकडेनं जिथं थोडी ओल होती तिथं हिरवं. तेव्हापासून डोक्यात आहे, की इतकी वर्षं पाण्याखाली असलेल्या मातीत बी येतं कुठून? पाण्याबरोबर वाहून येतं का तिथंच असतं?

दहा_पट_भिंग
दोन्ही. नदी दर पावसाळ्यात बी आणून टाकते आणि गाळाखाली ते दबून राहतं. अंधार, ओल आणि हवा कमी, अशा जागी बरीच बियाणी झोपून राहतात. गाळ उघडा पडला, ऊन लागलं, की उठतात. गाळपेर करणाऱ्याला हे शिकवायला नको.

व्हर्बॅस्कमचं बी ह्या बाबतीत जगप्रसिद्ध आहे. अमेरिकेत मिशिगनला विल्यम बील नावाच्या प्राध्यापकांनी १८७९ साली वीस बाटल्या जमिनीत पुरल्या. प्रत्येक बाटलीत ओलसर वाळू आणि त्यात तणांच्या एकवीस जातींचं प्रत्येकी पन्नास बी. त्यांचा प्रश्न अगदी आपल्या बालाघाटच्या मित्राचाच होता: शेतकऱ्यानं किती वर्षं खुरपायचं, म्हणजे जमिनीतलं बी संपेल? ठराविक वर्षांनी एक बाटली काढायची आणि पेरून बघायची. आधी दर पाच वर्षांनी काढत, मग दहा, आता वीस. बील गेले, त्यांचे वारस गेले, प्रयोग चालूच आहे. २०२१ साली रात्रीच्या अंधारात, उजेड लागू नये म्हणून, एक बाटली उकरली. १४२ वर्षांनी त्यातून रोपं निघाली, आणि ती व्हर्बॅस्कमची. बाकीच्या बहुतेक जाती केव्हाच गारद झाल्यात. जनुकं तपासल्यावर कळलं की ती ब्लॅटेरियाची आहेत, एखादं ब्लॅटेरिया-थॅप्सस संकराचं. शेवटची बाटली २१०० साली निघायची आहे.

आपल्या चायनेन्सीवर असा प्रयोग झालेला मला माहीत नाही, तेव्हा हे आयुष्य तिला चिकटवू नये. पण नात्यागोत्यावरून अंदाज बांधायला हरकत नाही.

बालाघाटचा_बरड
१४२ वर्ष! म्हंजे माझ्या पणतवाला पण खुरपावं लागणार. बेस हाय.

कुंडीतली_बाग
@बालाघाटचा_बरड दादा, हसू आवरेना.

सर, एक शंका. आमच्या वेळी पुस्तकात हे स्क्रोफ्युलॅरिएसी कुळात होतं. आता मुलगी म्हणते ते कुळच मोडलं?

दहा_पट_भिंग
मोडलं नाही, आटलं. डीएनए पाहून फेरवाटणी झाली, त्यात जलब्राह्मीसारखी आपली नेहमीची मंडळी प्लँटॅजिनेसीत, म्हणजे इसबगोलाच्या घरात गेली. व्हर्बॅस्कम जुन्याच घरात राहिलं. मुलीला परीक्षेत ते नाव निर्धास्त लिहू द्या.

पूर्णा_काठ
मूळ प्रश्नातला डाळिंबाचा भाग कोणीच घेतला नाही.

@गाळपेर दादा, ह्या फुलात माश्यांना परागच मिळतात, मध जवळजवळ नाहीच. सकाळी ऊन चढेपर्यंत छोट्या फुलोरी माश्या आणि एकट्या राहणाऱ्या रानमाश्या त्या जांभळ्या केसांना धरून लोंबकळत पराग गोळा करताना दिसतील. नंतर फुलं गळाली की कोणी फिरकत नाही. म्हणजे पोळं जवळ टिकवायला हे एकटं पुरणार नाही. बांधाला धने, मोहरी, तुळस यांची थोडी थोडी ओळ लावा, त्यांत मध असतो, आणि तुमच्या बहाराच्या आधीपासून फुलावर राहतील अशी पेरा. हे रोप त्यांच्या जोडीला दहा-बारा ठेवलंत तर चांगलंच.

आणि कळी निघत असताना फवारणी करताय का? करत असाल तर माश्या न दिसण्याचं कारण बहुधा तेच. निदान सकाळची फवारणी बंद करून सूर्य मावळल्यावर करा.

गाळपेर
फवारणी सकाळीच होते ताई. गडी सकाळी मिळतो, संध्याकाळी कोणी थांबायला तयार नाही. बघतो काय जमतं.

धने-मोहरीचं यंदा उशीर झाला, पुढच्या सालासाठी लिहून ठेवलं. बोंडं पिकायला लागली की बी गोळा करतो. कोणाला पाहिजे असेल तर सांगा, पाकिटात घालून पाठवतो.

कुंडीतली_बाग
मला! पहिला नंबर माझा.

संयोजक
एक सूचना. नाथसागराचा जलाशय १९८६ पासून जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे. अभयारण्याच्या हद्दीतून परवानगीशिवाय रोप, बी काहीही उचलणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. त्या पट्टीतलं बी इथं वाटायचं ठरवू नये. फोटो, नोंदी जरूर टाका.

गाळपेर
बरोबर आहे, ध्यानात नव्हतं आलं. आमच्या विहिरीच्या कठड्यावर, स्वतःच्या मालकीच्या रानात दोन रोपं आहेत. बी तिथलंच घेईन.

दहा_पट_भिंग
दोन रोपांचं बी दहा जणांना पुरून उरेल. पाठवताना पाकिटावर नाव, गाव, तारीख आणि 'विहिरीचा कठडा' असं जागेचं वर्णन लिहा. विद्यापीठाच्या वनस्पतिसंग्रहासाठी नमुना करायचा असेल तर फुलं सकाळी, दांडी न झटकता, जागेवरच वर्तमानपत्राच्या घडीत दाबा. घरी नेऊन दाबायला गेलात तर पिशवीत नुसती पिवळी पाकळ्यांची रास मिळेल आणि केसर मोजायला काही उरणार नाही.

बालाघाटचा_बरड
मला बी नको, ज्याला पाहिजे त्यानं माझ्या हरभऱ्यातून उपटून न्यावं. च्या-पाणी माझ्याकडं. बोंडं हिरवी हायेत तवरच या.